विश्लेषण : क्रूझला जाताना ‘स्वस्त’ विमान नेमके कोणते? सोलापूरकरांचे गणित वेगळे का?

होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोवा आणि मुंबईची विमाने सुरू झाली. दुसरीकडे मुंबई बंदरात नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभे राहिले. त्यामुळे चार दिवस जहाजावर घालवण्याचा बेत सोलापुरातून आखणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. मात्र मोबाइलवर सर्वांत कमी भाड्याचे दिसणारे तिकीट क्रूझच्या प्रवाशाला सर्वांत महाग पडू शकते. असे का होते आणि बुकिंग करताना काय पाहावे, याविषयी…

सोलापूरहून विमानाची सद्य:स्थिती काय?

सोलापूरला विमानतळ जुना असला तरी नियमित प्रवासी सेवा टिकत नव्हती. किंगफिशरची मुंबई सेवा काही काळ चालली आणि बंद पडली. त्यानंतर धावपट्टीच्या मार्गातील सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद अनेक वर्षे गाजला. १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडण्यात आली. नूतनीकरणानंतर २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे विमानतळाचे उद्घाटन झाले. प्रत्यक्ष विमान उडायला आणखी आठ महिन्यांहून अधिक काळ लागला. ९ जून २०२५ रोजी ‘फ्लाय ९१’ची गोवा सेवा सुरू झाली. १५ ऑक्टोबर २०२५ पासून ‘स्टार एअर’ची मुंबई सेवा सुरू झाली.

गोव्याला जाणारे विमान एटीआर जातीचे, सुमारे ७० आसनांचे आहे. मुंबई मार्गासाठी स्टार एअरचे ७६ आसनांचे एम्ब्रेअर विमान आहे. दिल्ली-मुंबई मार्गावर दिवसभर विमाने असतात. एक चुकले तर दुसरे मिळते. सोलापुरात तसे नाही. एक फेरी रद्द झाली तर पुढची संधी दुसऱ्या दिवशी किंवा त्याहून उशिरा येते. क्रूझच्या प्रवाशासाठी हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे.

या तिकिटांचे भाडे कमी कसे राहते?

त्यामागे सरकारी मदत आहे. केंद्राच्या ‘उडान’ योजनेत सुमारे तासाभराच्या उड्डाणासाठी २,५०० रुपये भाडे ही कल्पना २०१६ मध्ये मांडली गेली. विमानातील ठरावीक आसने मर्यादित भाड्यात द्यायची आणि कंपनीला होणारी तूट निधीतून भरून काढायची, अशी ही रचना आहे. या मदतीची मुदत तीन वर्षांची असते. भाड्याची मर्यादा वेळोवेळी बदलते.

मुंबई मार्गासाठी राज्य सरकारने वेगळी वाट काढली. उडान योजनेचा लाभ सुरू होईपर्यंत, एका वर्षासाठी, प्रति आसन ३,२४० रुपये व्यवहार्यता तफावत निधी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. त्यासाठी वर्षाला सुमारे १७ कोटी ९७ लाख रुपयांची तरतूद ठरली. हा हिशेब ७६ आसनांच्या विमानाच्या वर्षभर रोज जाऊन-येऊन होणाऱ्या फेरीशी तंतोतंत जुळतो. म्हणजे प्रवासी जे भाडे भरतो, त्याच्या जोडीला प्रत्येक आसनामागे सरकारचा वाटा आहे.

याचा प्रवाशासाठी अर्थ दुहेरी आहे. एक, कमी भाड्याची आसने मोजकी असतात आणि ती लवकर संपतात. दोन, मदतीची मुदत संपते त्या सुमारास भाडे आणि वेळापत्रक दोन्ही बदलू शकतात. क्रूझचे बुकिंग सहा-आठ महिने आधी होते. तेवढ्या लांबच्या तारखेला सोलापूरचे विमान वेळापत्रकात आहे का, हे आधी पाहावे. ते नसेल तर रेल्वे किंवा दुसरे शहर गृहीत धरूनच बेत करावा.

मुंबईहून क्रूझ असेल तर विमानच घ्यावे का?

बहुतेक वेळा तशी गरज नाही. मुंबईचे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअर परिसरात आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. हे टर्मिनल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस रेल्वे स्थानकापासून दीड-दोन किलोमीटरवर आहे. मुंबईचा जुना विमानतळ तेथून वीस किलोमीटरहून लांब आहे. मधली वाहतूक कशी असते, हे वेगळे सांगायला नको.

सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सोलापूरहून निघते आणि सकाळी सीएसएमटीला पोहोचते. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास निघून दुपारी साडेबाराच्या सुमारास तेथेच पोहोचते. मुंबईहून निघणारी देशांतर्गत क्रूझ साधारणपणे संध्याकाळी सुटते. त्यामुळे सिद्धेश्वरने आलेल्या कुटुंबाच्या हाताशी जवळपास पूर्ण दिवस राहतो. परतताना जहाज सकाळी बंदराला लागले, तर दुपारी चारच्या सुमारास सुटणारी वंदे भारत सोयीची ठरते. ती आठवड्यातून एक दिवस धावत नाही, हे तारीख ठरवतानाच पाहावे.

विमान घ्यायचेच असेल तर तिकिटावरील विमानतळाचे नाव नीट वाचावे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली आहेत. जुन्या विमानतळाची खूण ‘बीओएम’, तर नव्याची ‘एनएमआय’ आहे. नवी मुंबईहून अटल सेतूमार्गे दक्षिण मुंबईत येता येते. मात्र टॅक्सीचे भाडे आणि पुलाचा टोल स्वस्त तिकिटात मिळवूनच तुलना करावी.

गोव्याचे विमान क्रूझसाठी कितपत उपयोगी?

येथेही अंतर महत्त्वाचे आहे. सोलापूरचे विमान उत्तर गोव्यातील मोपा येथे उतरते. क्रूझ जहाजे मुरगाव बंदरात, म्हणजे वास्कोजवळ लागतात. मुरगावच्या जवळ दाबोळीचा विमानतळ आहे. मोपाहून मात्र साठ किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. मोपाची खूण ‘जीओएक्स’, दाबोळीची ‘जीओआय’.

तरीही या विमानाचा एक चांगला उपयोग आहे. मुंबई-गोवा अशा एकमार्गी क्रूझ फेऱ्याही असतात. रेल्वेने मुंबईला जायचे, जहाजाने गोव्याला उतरायचे, एक-दोन दिवस गोव्यात राहायचे आणि मोपाहून विमानाने सोलापूर गाठायचे, असा त्रिकोणी बेत जमतो. जाताना जहाज गाठायचे असल्याने भरवशाचे साधन घ्यावे. परतताना विमान रद्द झाले तरी सुट्टी एखाद्या दिवसाने वाढते, क्रूझचे पैसे बुडत नाहीत.

सिंगापूरसारख्या परदेशी क्रूझसाठी काय करावे?

येथे विमानाला पर्याय नाही. मात्र विमान कोठून घ्यायचे, याला पर्याय आहेत. सोलापूरहून पुणे सुमारे अडीचशे आणि हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. दोन्ही शहरे एकाच राष्ट्रीय महामार्गावर येतात. शहरातील तेलुगूभाषक कुटुंबांचे हैदराबादशी जुने नाते आहे. त्यांच्यासाठी ते शहर परकेही नाही. तिन्ही शहरांची भाडी पाहताना घरापासून विमानतळापर्यंतचा खर्च धरावा. केवळ तिकिटाचा आकडा पाहू नये.

दुसरी काळजी तिकिटाच्या रचनेची. सोलापूर-मुंबई एका कंपनीचे आणि मुंबई-सिंगापूर दुसऱ्या कंपनीचे अशी दोन स्वतंत्र तिकिटे अनेकदा स्वस्त दिसतात. पण पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी पहिली कंपनी घेत नाही. सामानही मुंबईत ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावे लागते. एकाच बुकिंगमध्ये दोन्ही उड्डाणे असतील, तर पुढच्या विमानाची सोय करण्याची जबाबदारी कंपनीकडे जाते. तशी सोय मिळत नसेल तर मुंबईला आदल्या दिवशीच पोहोचावे.

सिंगापुरात क्रूझसाठी मरीना बे आणि हार्बरफ्रंट अशी दोन ठिकाणे आहेत. आपले जहाज कोठून सुटते, ते आधी पाहावे. जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन सिंगापूरला परतते, तेव्हा तो सिंगापुरातील दुसरा प्रवेश धरला जातो. त्यामुळे व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा हवा.

एक दिवस आधी पोहोचण्याचा आग्रह का?

हॉटेलात मध्यरात्री पोहोचले तरी खोली मिळते. जहाज मात्र उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाही. सुटण्याच्या वेळेआधी तास-दीड तास किंवा त्याहूनही आधी प्रवेश बंद होतो. चुकलेल्या प्रवाशाला पैसे परत मिळण्याची शक्यता फार कमी असते. लांबच्या क्रूझमध्ये पुढच्या बंदरात जहाज गाठण्याची परवानगी मिळू शकते, पण खर्च स्वत:चा. दोन-तीन रात्रींच्या क्रूझमध्ये तोही मार्ग उरत नाही.

समजा, चौघांच्या कुटुंबाने क्रूझसाठी माणशी २५,००० रुपये भरले. जहाज सुटण्याच्या दिवशीचे विमान आदल्या दिवसापेक्षा माणशी १,००० रुपयांनी स्वस्त आहे आणि मुंबईतील एका रात्रीचे हॉटेल ४,००० रुपयांचे आहे. म्हणजे त्याच दिवशी जाण्याने ८,००० रुपये वाचतात. पण ते वाचवण्यासाठी एक लाख रुपये पणाला लागतात.

हा धोका कागदावरचा नाही. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम पाळण्यासाठी पुरेसे नियोजन न झाल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. उरलेल्या विमानांची भाडी इतकी वाढली की ६ डिसेंबर रोजी केंद्राला कमाल मर्यादा घालावी लागली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, तर १,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासाला १८,००० रुपये अशी ती मर्यादा होती. त्या आठवड्यात जहाज गाठायचे असलेल्या प्रवाशाला भाडे परत मिळाले तरी वेळ परत मिळणार नव्हती.

विमान रद्द झाल्यास भरपाई किती मिळते?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार रद्द झालेल्या विमानाच्या प्रवाशाला पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. पुरेशी पूर्वसूचना दिली नसेल आणि कारण कंपनीच्या हातातील असेल, तर भरपाईही मिळते. तासाभरापर्यंतच्या उड्डाणासाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणासाठी १०,००० रुपये ही कमाल मर्यादा आहे. एका बाजूचे मूळ भाडे आणि इंधन शुल्क यांची बेरीज त्यापेक्षा कमी असेल, तर तेवढीच रक्कम मिळते. म्हणजे तिकीट जितके स्वस्त, तितकी भरपाई कमी. खराब हवामानासारख्या कारणांत भरपाई मिळत नाही. बुडालेल्या क्रूझचा खर्च यात कोठेच येत नाही. त्यासाठी प्रवास विमा लागतो. त्यातही ‘प्रस्थान चुकणे’ हे कलम आहे का, ते पाहूनच विमा घ्यावा.

भाडे खरोखर कमी कसे करता येईल?

पहिला उपाय क्रम बदलण्याचा. बहुतेक जण आधी क्रूझ ठरवतात आणि मग विमान शोधतात. सोलापूरकरांनी विमानाचे दिवस समोर ठेवून क्रूझची तारीख निवडावी. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत दोन्हींचे दर चढतात. शाळेची अडचण नसेल तर त्यांच्या आगेमागेचे आठवडे पाहावेत.

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील क्रूझ बंद असतात. गेल्या काही वर्षांत त्या काळात जहाज चेन्नई, विशाखापट्टणमकडे नेले जाते. सोलापूर मुंबई-चेन्नई लोहमार्गावरच असल्याने चेन्नईला थेट रेल्वेनेही जाता येते.

दुसरा उपाय कुटुंब मोठे असल्यास. एकाच वेळी सहा जणांचे तिकीट शोधले आणि कमी दराची चारच आसने शिल्लक असली, तर अनेकदा सहाही जणांना वरचा दर दिसतो. आधी एका प्रवाशासाठी शोधून दर पाहावा. फरक दिसल्यास चार आणि दोन अशी विभागणी करावी. मात्र अशा दोन बुकिंगना विमान कंपनी एक कुटुंब मानत नाही, हे लक्षात ठेवावे. लहान मुले असतील तर ती आई-वडिलांच्याच बुकिंगमध्ये ठेवावीत.

शेवटी, सामानाचे वजन, आसन निवडण्याचे शुल्क आणि ॲपचे सुविधा शुल्क मिळवून अंतिम रक्कम पाहावी. शोधताना ॲप वापरले तरी पैसे भरण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावरील दर एकदा तपासावा. विमानाची वेळ बदलल्याचा संदेश कंपनी नोंदवलेल्या मोबाइलवर पाठवते. तिकीट एजंटाने काढले असेल तर तेथे त्याचा नव्हे, प्रवाशाचाच क्रमांक आहे याची खात्री करावी. विमानाची वेळ बदलल्याचे विमानतळावर पोहोचल्यावर कळले, तर तोवर जहाज गाठण्याचे इतर मार्ग बंद झालेले असतात.