विश्लेषण : बारावीच्या इंग्रजीत कादंबरी ‘ऑप्शनला’ टाकणे महागात का पडते?

बारावीच्या वेळापत्रकात पहिला पेपर इंग्रजीचा असतो. २०२३ आणि २०२४ मध्ये तो २१ फेब्रुवारीला झाला, २०२५ मध्ये ११ फेब्रुवारीला. खंडाळा तालुक्यात (पर्यटकांचा खंडाळा नव्हे, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा, सातारा जिल्ह्यातला) शिरवळ-लोणंदकडची विज्ञान शाखेची मुले वर्षभर सीईटीच्या मागे असतात. इंग्रजीला हात लागतो तो जानेवारीत. मात्र हा विषय सक्तीचा आहे आणि बारावी उत्तीर्ण झाल्याशिवाय सीईटीचे पर्सेंटाइल प्रवेशाच्या कामाचे नाही.

गुण कुठे आहेत?

लेखी ८०, तोंडी २०. लेखी परीक्षेत गद्य आणि भाषाभ्यास ३४, कविता १४, लेखनकौशल्य १६ आणि कादंबरी १६. म्हणजे कादंबरीचे वजन संपूर्ण लेखनकौशल्याइतके आहे. तरीही ‘ऑप्शनला’ टाकायची वेळ आली की पहिला बळी तिचाच जातो. कारण साधे आहे. ई-मेल किंवा अहवालाचा साचा पाठ करता येतो, कादंबरी वाचावी लागते.

खरे तर पुस्तकात अख्खी कादंबरी नाहीच. कादंबरीचा थोडक्यात इतिहास आणि तीन उतारे आहेत : ‘टू सर, विथ लव्ह’, ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ आणि ‘द साइन ऑफ फोर’. चार गुण वस्तुनिष्ठ प्रश्नांना आणि उरलेले बारा पात्र, कथानक, पार्श्वभूमी अशा छोट्या उत्तरांना. गाइडमधली उत्तरे इथे फसतात, कारण प्रश्न थोडा फिरवला की पाठ केलेला परिच्छेद बसत नाही.

ज्यूल व्हर्नची कादंबरी घ्या. फिलिअस फॉग पैज हरल्याचे समजून बसतो आणि शेवटी जिंकतो. का? तो पूर्वेकडे जात राहिला. दर अंशाला घड्याळ चार मिनिटे पुढे, ३६० अंशांना १४४० मिनिटे, म्हणजे बरोबर २४ तास. एक दिवस त्याच्या पदरात जास्तीचा पडला. हे गणित विज्ञानाच्या मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. ते एकदा कळले की शेवट, फॉगचा काटेकोर स्वभाव आणि नोकर पासपार्टूची धावपळ या तिन्हींवरची उत्तरे स्वतःच्या चार साध्या वाक्यांत लिहिता येतात.

कवितेचे काय?

चौदापैकी चार गुण रसग्रहणाला आहेत. तिथे बहुतेकांचा मजकूर सारखाच असतो : कवीचे नाव, आशय, दोन अलंकार, संदेश. अलंकाराचे नाव लिहून ओळ न दाखवणे ही नेहमीची गफलत. दिलीप चित्रे यांची ‘फादर रिटर्निंग होम’ ही रात्रीच्या लोकलने घरी येणाऱ्या वडिलांवरची कविता त्या मानाने सोपी जाते. शिरवळच्या एमआयडीसीतून पाळी संपवून येणारा बाप ज्या घरात आहे, तिथे तिचा आशय वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

२०२३ मध्ये याच विभागात छपाईच्या चुका झाल्या आणि मंडळाला ६ गुण द्यावे लागले. ते मिळाले कोणाला? ज्यांनी कवितेचा विभाग सोडवायला घेतला होता किंवा निदान तो प्रश्नक्रमांक उत्तरपत्रिकेत लिहिला होता, त्यांना. कविता पूर्ण ‘ऑप्शनला’ टाकून विभागाचे नावही न लिहिणारे या सवलतीबाहेर राहिले.

उरलेल्या दिवसांत काय करावे?

तीनही उतारे मराठीत गोष्ट सांगता येईपर्यंत वाचावेत, मग इंग्रजीत प्रत्येकी एक पान स्वतः लिहावे. गाइड त्यानंतर उघडावे. तालुक्यातल्याच नायगावच्या सावित्रीबाईंनी ‘काव्यफुले’मध्ये (१८५४) इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता, गाइड पाठ करण्याचा नव्हे. २०२३ पासून जादा दहा मिनिटे पेपर संपताना मिळतात, त्यामुळे वेळ सकाळी ११ ते दुपारी २.१० अशी झाली आहे. कादंबरीचा प्रश्न शेवटी येतो. थकव्यात तो उरकला जात असेल, तर उत्तरपत्रिकेत प्रश्नक्रमांक नीट घालून तो आधी सोडवता येतो.