फरशीवरची चिंच, रस्त्याखालचा पाइप

आपल्या भागात शहाबादी फरशी नाही असे घर विरळाच. तिच्यावर चिंचेचा कोळ रात्रभर राहिला, की सकाळी पांढुरका डाग दिसतो. कितीही घासा, जात नाही. तो डाग नसतोच. आंबटाने दगड खाल्लेला असतो. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. मराठीतला चुना म्हणा की कन्नडमधले सुण्ण, आम्लापुढे त्याचे काही चालत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला रस्ता खचला, तेव्हा मला ही फरशी आठवली. खड्ड्यात 'यूजीडी'चा सिमेंटचा पाइप उघडा पडला होता. तळ शाबूत, वरची कमान मात्र चक्क्यासारखी मऊ. शेजारचे काका म्हणाले, "सर, माल हलका वापरला असणार." असेलही. पण चांगल्या मालालाही खाणारे जीव पाइपातच असतात.

मैलापाण्यात सल्फेट असते. पाणी संथ झाले, की तळाच्या बुळबुळीत थरातले, हवेवाचून जगणारे जिवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. नासक्या अंड्याचा वास येतो तो याचाच. हा वायू वर जाऊन कमानीच्या ओलीत विरघळतो. तिथे दुसरे जिवाणू त्याचे चक्क गंधकाम्ल करतात. नव्या काँक्रीटचा सामू 12 ते 13 असतो, तो 1-2 पर्यंत घसरतो. सिमेंटमधल्या चुन्याचे जिप्सम होते आणि कमान झडू लागते. मेलबर्नमध्ये पार्कर या संशोधकाने 1945 साली हे आम्ल करणारे जिवाणू ओळखले. ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलँडमध्ये 2014 साली आढळले, की तिथल्या मैलापाण्यातले निम्म्याच्या आसपास सल्फेट पिण्याचे पाणी निवळायला वापरलेल्या तुरटीतून येते!

उपाय आहेत. पाइपाला पुरता उतार द्यावा. पाणी सेकंदाला किमान 0.6 मीटर वेगाने वाहिले, तर गाळ बसत नाही. वायू बाहेर पडायला उंच नळकांडी हवीत. लहान गल्लीत भाजलेल्या मातीचे चकचकीत पाइप किंवा प्लास्टिकचे पाइप चालतात. त्यांना हे आम्ल बाधत नाही. मोठ्या काँक्रीट पाइपाला आतून प्लास्टिकचे अस्तर द्यावे किंवा अ‍ॅल्युमिना जास्त असलेले सिमेंट वापरावे. खडी चुनखडीची असली तर आम्लाचा जोर खडीवरही खर्च होतो आणि पाइप जास्त वर्षे टिकतो. शहाबाद, वाडी, सेडमच्या परिसरात चुनखडीला काय तोटा? आपण घरच्यांनी एवढे करावे: मोरीत तेल, उष्टे, कॅरीबॅग टाकू नये. तुंबलेल्या पाण्यातच हा वायू वाढतो.

आता खरे सांगायचे ते. त्या दिवशी गल्लीने वर्गणी काढून एका पोराला बोलावले होते. काका त्याला म्हणत होते, "तम्मा, जरा इळदु नोडु." मी आडवा झालो. कमान खाणारे आम्ल ज्या वायूतून होते, तोच वायू माणसाला मारतो. प्रमाण वाढले की नाक बधिर होते, वास येईनासा होतो आणि आत उतरलेल्याला वाटते, सगळे ठीक आहे. 2013 च्या कायद्याने असे माणूस उतरवणे गुन्हा आहे. काका थोडे रागावले, पण तक्रारीच्या अर्जावर पहिली सही त्यांनीच केली. चार दिवसांनी यंत्राची गाडी आली.

चार दिवस गल्लीने नाक दाबून काढले. तो तम्मा मात्र त्या दिवशी आमच्या ओट्यावर चहा पिऊन आपल्या पायांनी घरी गेला.