एकत्वाचा आग्रह आणि शेजारधर्म

सर्वधर्मसंमेलन हा आपल्या सार्वजनिक जीवनातील एक नित्याचा विधी होऊन बसला आहे. भगवी, पांढरी आणि हिरवी वस्त्रे व्यासपीठावर शेजारी शेजारी बसतात, सर्व धर्मांची शिकवण एकच आहे असे प्रत्येक वक्ता सांगतो, श्रोते टाळ्या वाजवतात आणि मंडळी आपापल्या घरी जातात. कोणाचेच कोणावाचून अडत नाही आणि कोणालाच काही नवे कळत नाही. अशा संमेलनात खराखुरा मतभेद प्रकट होण्याचा प्रसंग विरळाच. दिल्लीच्या रामलीला मैदानावर १२ फेब्रुवारी २०२३ रोजी तसा प्रसंग आला. त्या वेळी उठलेला धुरळा आता खाली बसला आहे. म्हणूनच त्या प्रकरणाचा शांत चित्ताने विचार करणे आज शक्य आहे आणि आमच्या मते अगत्याचेही आहे.

जमियत उलेमा-ए-हिंद या संस्थेचे ते चौतिसावे महाअधिवेशन. समारोपाच्या दिवशी अन्य धर्मांच्या आचार्यांना सन्मानाने व्यासपीठावर पाचारण करण्यात आले होते. देवबंदच्या दारुल उलूमचे ज्येष्ठ आचार्य मौलाना अर्शद मदनी भाषणास उभे राहिले. जेव्हा श्रीराम नव्हते, ब्रह्मा नव्हते, शिव नव्हते, तेव्हा मनू कोणाची उपासना करीत होता, असा प्रश्न आपण अनेक धर्मगुरूंना विचारला, असे त्यांनी सांगितले. मनू ओंकाराची उपासना करीत होता, असे उत्तर आपल्याला मिळाले. तर मग हा ओम् म्हणजेच आम्ही ज्याला अल्ला म्हणतो तो, आणि तुमचा मनू म्हणजेच आमचा आदम, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यावर व्यासपीठावर बसलेले जैन आचार्य लोकेश मुनी उठले. सद्भावनेसाठी बोलावलेल्या सभेत हे प्रतिपादन अस्थानी आहे, ते आम्हांला मान्य नाही, असे सांगून त्यांनी मौलानांना शास्त्रार्थाचे आव्हान दिले आणि ते व्यासपीठावरून निघून गेले. इतर काही धर्मगुरूही त्यांच्यापाठोपाठ बाहेर पडले.

या प्रकरणी प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे नमूद केली पाहिजे. मौलानांनी कोणाच्या दैवताची निंदा केली नाही. किंबहुना ओंकार आणि अल्ला यांचा एका वाक्यात अभेद सांगणे हे देवबंदच्या कर्मठ परंपरेत वाढलेल्या माणसाच्या दृष्टीने धाडसाचेच म्हणावे लागेल. ज्या जमियतच्या व्यासपीठावरून ते बोलले ती संस्था १९१९ साली स्थापन झाली. मौलानांचे वडील हुसेन अहमद मदनी यांनी द्विराष्ट्रवादाला कडवा विरोध केला आणि हिंदू व मुसलमान मिळून एकच राष्ट्र होते, हे १९३८ साली ग्रंथ लिहून प्रतिपादिले. हा वारसा विसरून जे केवळ ‘अपमान, अपमान’ म्हणून ओरडले, त्यांनी मौलानांवर अन्याय केला असे आम्हांला वाटते.

तथापि निंदा केली नाही म्हणजे चूक केली नाही, असे होत नाही. महात्माजींच्या प्रार्थनेत ईश्वर आणि अल्ला ही दोन्ही नावे येत, आणि या देशातील कोट्यवधी हिंदूंनी ती भक्तिभावाने उच्चारली. मग तोच आशय मौलानांच्या मुखातून आला तेव्हा तो का बोचला? कारण आशय तोच नव्हता. महात्माजींच्या प्रार्थनेत दोन्ही नावे समान आसनावर बसतात. मौलानांच्या युक्तिवादात एक मूळ ठरते आणि दुसरे त्याचे रूपांतर. ‘तुझा देव तो मुळात माझाच’ या वाक्यात ऐक्य दिसते, परंतु त्याच्या पोटात स्वामित्व असते. शेजाऱ्याने सलोखा करण्यास यावे आणि बोलता बोलता आपल्या घराचा उतारा स्वतःच्या नावावर असल्याचे सांगावे, तसा हा प्रकार आहे.

शिवाय ज्या पाहुण्यासमोर हे बोलले गेले त्याची परंपरा काय, याचा विचारही झाला नाही. जैन दर्शन जगाचा कर्ता असा ईश्वर मानीत नाही. जैनांचा ओंकार हे कोणा सृष्टिकर्त्याचे नाव नसून अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू या पंचपरमेष्ठींच्या आद्याक्षरांपासून तो सिद्ध झाला, असे ते मानतात. म्हणजे मौलानांनी जे सूत्र सर्वांना बांधण्यासाठी पुढे केले, त्यातून शेजारीच बसलेला अतिथी नेमका निसटत होता. यजमानाने अतिथीचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच त्याच्या श्रद्धेचा अर्थ सांगून टाकला. या प्रसंगातील खरा प्रमाद हा आहे.

आता आमच्या वाचकांस थोडे कटू वाटेल असे बोलणे प्राप्त आहे. ही खोड एकट्या मौलानांची नाही. बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार आहे, असे आपण किती सहजपणे सांगतो! आपल्या मनात त्यात केवळ औदार्य असते. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे मत स्पष्ट शब्दांत नाकारलेले आहे. लिंगायत हा स्वतंत्र धर्म मानावा या मागणीसाठी जुलै २०१७ मध्ये बिदरात प्रचंड मेळावा भरला, तेव्हाही ‘तुम्ही आमचेच आहात’ हेच उत्तर अनेकांनी दिले. आणि या देशातील मुसलमानांचे पूर्वज हिंदूच होते, तेव्हा त्यांनी ‘घरवापसी’ करावी, असे व्यासपीठांवरून वारंवार सांगितले जाते. मौलानांचे ते भाषण बव्हंशी या वापसीच्या भाषेलाच दिलेले प्रत्युत्तर होते. एकाने म्हणायचे, तुमचे आजोबा आमचे होते. दुसऱ्याने म्हणायचे, तुमच्या आजोबांचे आजोबा आमचे होते. हा वाद कोणत्या न्यायासनासमोर आणि कोणत्या दस्तऐवजावर निकाली निघणार? ‘आधी कोण’ या शर्यतीला आरंभरेषाच नाही. मग तिचा शेवट कोठे व्हावा?

दिल्लीतील या वादाची झळ खरी बसते ती दूरच्या लहान गावांना. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याचा आळंद तालुका पाहा. सोलापूर आणि धाराशिव या जिल्ह्यांना भिडलेला हा सीमाभाग. निंबर्गा हे त्याच तालुक्यातील एक गाव. मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषा या मुलखात कानांवर पडतात. आळंदला लाडले मशायख यांचा दर्गा आहे आणि त्याच आवारात राघव चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांनी आपल्या गुरुपरंपरेत ज्या राघव चैतन्य आणि केशव चैतन्य यांची नावे सांगितली, त्यांतले पहिले ते हेच, असे परंपरा मानते. म्हणजे देहूच्या वाटेचा एक उगम आळंदच्या दर्ग्याच्या आवारात आहे! मराठी माणसाने ज्याचा अभिमान धरावा असे हे स्थान.

परंतु आज त्या स्थानाची काय अवस्था आहे? १ मार्च २०२२ रोजी महाशिवरात्रीच्या दिवशी तेथे जमावबंदी पुकारावी लागली, दगडफेक झाली. त्यानंतर प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये कलबुर्गीच्या खंडपीठाने पंधरा हिंदूंना ठरावीक वेळेत पूजा करण्याची अनुमती दिली. दोन्ही समाजांचे विधी वेगवेगळ्या घटकांत, पोलिसांच्या पहाऱ्यात पार पडले. न्यायालयाने आपले कर्तव्य चोख बजावले, याविषयी आमची तक्रार नाही. परंतु देवाच्या दारी माणसे मोजून आत सोडावी लागणे, आणि ती मोजदाद न्यायमूर्तींनी ठरवून द्यावी लागणे, हे दोन्ही समाजांच्या शहाणपणाचे दिवाळे आहे. ‘आधी कोण’ हा प्रश्न विचारू लागले की गाडी अखेर येथेच येऊन थांबते.

आणि याच मुलखात दुसरी उदाहरणेही नांदत आहेत. बिदरनजीक अष्टूर येथे बहमनी सुलतान अहमदशहा वली याची कबर आहे. मुसलमान त्याला वली मानतात, तर अनेक लिंगायत त्याला अल्लमप्रभूंच्या ठायी पाहतात. त्याच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातील माड्याळचे जंगम मिरवणुकीने येतात आणि उरुसात मानाचे स्थान घेतात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात ‘सकलमत’ संप्रदाय स्थापिला. त्या नावातच मर्म आहे. त्यांनी ‘एकमत’ म्हटले नाही, ‘सकलमत’ म्हटले. सर्व मते आपापल्या जागी राहोत, आणि त्या सर्वांना आमच्या दारी मान असो, असा त्याचा अर्थ. अष्टूरच्या जंगमाला कोणी कलमा पढायला लावीत नाही आणि मुजावराला कोणी लिंग धारण करायला सांगत नाही. दोघे एकाच कबरीपाशी आपापल्या नावाने उभे राहतात.

ही समज या मुलखाने फार मोठी किंमत देऊन टिकवली आहे. निजामी राजवटीच्या अखेरीस रझाकारांनी येथे जो हैदोस घातला, त्यात मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरटा गावात हत्याकांड झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि सूडाचे चक्र उलट दिशेने फिरले. भारत सरकारने धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मुसलमानांची सर्वाधिक हानी झाल्याचे नोंदविले, आणि मृतांचा एकूण आकडा काही हजारांत नव्हे, तर २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावा, असा अंदाज दिला. एका बाजूचे दुःख सांगताना दुसऱ्या बाजूचे लपविणे हा इतिहासाशी द्रोह आहे. ज्या भूमीने ही दोन्ही दुःखे भोगली, तिला धर्मगुरूंच्या शब्दांचे वजन आम्ही सांगावयास नको. दिल्लीच्या व्यासपीठावरून उठून जाता येते; निंबर्ग्याच्या माणसाला आपल्या गावातून उठून जाता येत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विहिरीवर आणि त्याच बाजारात त्याच शेजाऱ्याचे तोंड पाहावयाचे असते.

मग अशा संमेलनांचे करावे काय? ती बंद करावीत असे आमचे मत नाही. परंतु त्यांचा रिवाज बदलला पाहिजे. वक्त्याने आपल्या धर्माविषयी बोलावे. दुसऱ्याच्या धर्माचा अर्थ त्या दुसऱ्यालाच सांगू द्यावा. ज्याला प्रतिपादन पटत नाही त्याने तेथल्या तेथे, ध्वनिक्षेपकावरून, आपला विरोध नोंदवावा. लोकेश मुनींनी तो नोंदविला, हे योग्यच झाले. मात्र बोलून झाल्यावर ते पुन्हा आसनावर बसले असते, तर समोरच्या विशाल समुदायाला मतभेद असूनही शेजारी बसता येते, हा त्या अधिवेशनातील सर्वांत मोलाचा पाठ मिळाला असता. शास्त्रार्थ ही आपली जुनी परंपरा आहे, आणि तिची पहिली अट हीच की दोन्ही पक्ष जागेवर बसून राहतात. आणि आळंदसारख्या ठिकाणी दोन्ही बाजूंच्या जाणत्यांनी महाशिवरात्रीच्या कित्येक आठवडे आधी एकत्र बसून वेळापत्रक ठरवावे. न्यायालयाच्या निर्णयाकडे डोळे लावून बसू नये. परस्परांत ठरलेली वेळ दोघांची असते. न्यायालयाने ठरवून दिलेल्या वेळेत एकाला जिंकल्यासारखे आणि दुसऱ्याला हरल्यासारखे वाटते.

गोमंतकीय वाचकाला हे सारे समजण्यासाठी सीमेपलीकडे जाण्याचेही कारण नाही. धर्मांतराचा आणि भग्न देवालयांचा इतिहास आपण काही कमी सोसलेला नाही; १५६० साली येथे धर्मसमीक्षण संस्था आली आणि देवांना नदी ओलांडून परमुलखात आश्रय घ्यावा लागला. कोण आधीचा, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार असेल तर तो आपल्याला आहे. परंतु आपल्या पूर्वजांनी या जखमेवर कोणते औषध शोधले? शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्र सायबीण या बहिणी आहेत, असे लोकमानसाने ठरविले, आणि दोन्ही स्थानांमध्ये तेल-फुलांची देवाणघेवाण सुरू ठेवली. सायबीण म्हणजे मूळची आमची देवीच, असे शास्त्र त्यांनी लिहिले नाही. लईराई म्हणजेच तुमची सायबीण, असेही मान्य केले नाही. त्यांनी ‘एकच’ म्हटले नाही, ‘बहिणी’ म्हटले. बहिणी होण्यासाठी दोन असावे लागते. दोघींची घरे वेगळी, दोघींचे सोहळे वेगळे, आणि सणाला एकीकडून दुसरीकडे भेट जावयाची, ती वेगळेपण मान्य आहे म्हणूनच.

रामलीला मैदानावरील विद्वानांना जे सुचले नाही ते शिरगावच्या आणि म्हापशाच्या अनाम माणसांना सुचले होते. देव एक की अनेक, याचा निर्णय तत्त्वज्ञांनी सवडीने करावा. शेजाऱ्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारावी, एवढे मात्र आपण सर्वांनी आजपासूनच करता येण्यासारखे आहे.