बसवला की लावला?

क्रियापद चुकले तर परीक्षेत अर्धा गुण जातो, एवढीच माझी आजवरची समजूत होती. परंतु आमच्या मामांच्या आजारात त्याहून अधिक काही जाण्याची वेळ आली होती.

झाले असे, की नाशिकला मामांच्या हृदयाला पंप ‘बसवला’ ही वार्ता मामांच्या आधी पोशेऱ्यास पोचली. गावात पंप म्हणजे विहिरीवरचा. तेव्हा मामांच्या छातीत काहीतरी अखंड फिरत असणार, हे सर्वांनी धरूनच चालले. एका आजीबाईंनी तर, “रात्री आवाज येतो का गं?” असे मामींना विचारले!

वाचकहो, पेसमेकर बसवतात. हा पंप लावतात आणि काढतात. जांघेतल्या धमनीतून एक लांबट फुगा महाधमनीत सरकवायचा. हृदय विसावते तेव्हा तो हेलियम वायूने फुगतो आणि हृदयाच्याच रक्तवाहिन्यांकडे रक्त लोटतो. हृदय आकुंचन पावताना तो मिटतो, म्हणजे हृदयाला जोर कमी लागतो. न्यूयॉर्कचे डॉ. कँट्रोविट्झ यांनी १९६७ साली तो प्रथम रुग्णावर वापरला. पुढे २०१२ साली जर्मनीतल्या ६०० रुग्णांच्या अभ्यासात, हृदयविकाराने रक्तदाब कोसळलेल्यांचे मृत्यू त्याने सरसकट कमी होत नाहीत असे दिसले. तेव्हापासून डॉक्टर तो पाहूनसवरून लावतात.

मामांचा फुगा तिसऱ्याच दिवशी निघाला. घरी आली ती वाहिनीतली स्प्रिंग, जांघेतली जखम आणि गोळ्यांची पिशवी. इथे ते क्रियापद नडले. “पंप आहे ना आत? मग गोळ्या कशाला?” असे एका शहाण्याने सुचवले, आणि मामांना ते पटलेही! रक्त पातळ ठेवणारी गोळी मधेच सोडली तर स्प्रिंगमध्ये गुठळी होते. आणि पोशेऱ्याहून मोठे इस्पितळ म्हणजे घाटरस्ता. मामींनी गोळ्यांचा डबा आपल्या ताब्यात घेतला.

बाकी पथ्ये निमूट पाळली गेली. उकिडवे बसणे काही दिवस बंद, हंडा उचलणे बंद, जखमेच्या बाजूचे पाऊल गार पडत नाही ना हे पाहणे. सुकटीवरून मात्र घरात अबोला झाला. मिठाने अंगात पाणी धरते, हे मामांच्या गळी उतरेना.

वजन रोज सकाळी करायचे, आणि एका दिवसात किलोभर वाढले तर डॉक्टरांना कळवायचे. मामी ते आकडे कोळशाने भिंतीवर मांडतात. दिवाळीसाठी सारे घर सारवून-रंगवून झाले. ती भिंत तेवढी तशीच आहे.