करमाफीचे बिल कोणाच्या नावावर?

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र शासनाने ३० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या, विजेवर चालणाऱ्या मोटारींवर ६ टक्के मोटार वाहन कर सुचविला आणि त्याच महिन्यात तो मागेही घेतला. या करातून फारसे उत्पन्न मिळणार नाही आणि चुकीचा संदेश मात्र जाईल, असे कारण मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत दिले. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, जानेवारीत, एसटीच्या प्रवासभाड्यात १४.९५ टक्के वाढ झाली होती. तिने खेड्यापाड्यांत कोणता संदेश गेला, याची चिंता सरकार दरबारी कोणाला पडलेली दिसली नाही.

विजेच्या वाहनांना विरोध करण्याचे कारण नाही. शहरांतली हवा कोंदली आहे आणि खनिज तेलासाठी देश परदेशांचा ओशाळा आहे. बदल हवाच, त्याचा खर्च कोणाच्या माथी बसतो, ते मात्र तपासले पाहिजे.

पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर बसतो. हा भार मुख्यतः मोटारवाले उचलतात, असा समज आहे. तो खरा नाही. केंद्र सरकारच्या वतीने झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकींत जळत असल्याचे आढळले. रात्रपाळीला जाणारा कामगार, गावोगाव फिरणारी आरोग्यसेविका, दुधाच्या किटल्या लादून पहाटे निघणारा शेतकरी, हे या कराचे खरे भरणारे. सधन माणूस विजेच्या मोटारीकडे वळला की त्याचा इंधनकर थांबतो. यांचा चालूच राहतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हाही कामगाराच्या साध्या पेट्रोल दुचाकीवर १८ टक्के आणि विजेच्या मोटारीवर, मग ती दहा लाखांची असो की कोटीची, ५ टक्के असाच हिशेब ठरला.

राज्याच्या २०२५ च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे विजेच्या मोटारींना टोलमाफी दिली. बसगाड्यांनाही दिली, ते योग्यच झाले. पण या तिन्ही मार्गांवर दुचाकीला मुळी प्रवेशच नाही! अटल सेतू जपानी कर्जातून उभा राहिला आहे. टोल माफ केल्याने कर्ज माफ होत नाही. म्हणजे ज्याला त्या पुलावर पाऊल टाकता येत नाही, त्याच्या पेट्रोलच्या पैशातून दुसऱ्याची मोटार फुकट पार होणार.

विजेच्या मोटारीला धुराडे नसते म्हणतात. धुराडे असते, ते चंद्रपूरला असते. देशातील सुमारे ७० टक्के वीज कोळशापासून तयार होते आणि चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे केंद्र त्यातलेच. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ शेतांत शिरला. मोटारीच्या किमतीत हा खर्च कुठेही धरलेला नसतो.

चुकीच्या संदेशाचा मुद्दाही टिकणारा नाही. विजेच्या मोटारींत जगात आघाडीवर असलेल्या नॉर्वेने २०२३ पासून पाच लाख क्रोनरच्या वरील किमतीवर मूल्यवर्धित कर सुरू केला. त्यानंतरही, २०२४ साली, तेथील दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्याच होत्या. तीस लाखांची मोटार घेणारा ६ टक्क्यांसाठी पेट्रोलकडे परत वळेल, ही भीती शासनाला कोणी घातली?

उत्पन्न थोडे मिळेल, हे घटकाभर मान्य करू. एसटीला थोड्याचेही मोल आहे. महामंडळाने ५,१५० विद्युत बसगाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला, पण त्या ठरल्या वेळी आल्या नाहीत आणि प्रवासी जुन्या गाड्यांत उभे राहूनच जात राहिले. मागे घेतलेला कर विधिमंडळात पुन्हा मांडावा, त्याचे उत्पन्न एसटीच्या विद्युत बसगाड्यांसाठी राखून ठेवावे आणि टोलमाफी बसगाड्यांपुरतीच ठेवावी, ही मागणी प्रत्येक तालुक्याच्या आगारातून उठली पाहिजे. भाडेवाढीच्या वेळी त्याच आगारांच्या फाटकांवर कार्यकर्ते उभे होते.