पदवी आणि दीक्षा

२०२० मध्ये नवे राष्ट्रीय शिक्षण धोरण जाहीर झाले आणि भारतीय ज्ञानपरंपरा, मातृभाषेतून उच्च शिक्षण हे विषय विद्यापीठांच्या परिपत्रकांत येऊन बसले. परिपत्रके निघतात, चर्चासत्रे भरतात, दोन श्रेयांकांचा एखादा अभ्यासक्रम सुरू होतो आणि कर्तव्यपूर्तीचे समाधान सर्वांना लाभते. अशा वेळी हरिद्वारच्या गुरुकुल कांगडीचा इतिहास पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालणे अगत्याचे आहे. आज जे धोरण म्हणून सांगितले जाते, ते या संस्थेने शंभर वर्षांपूर्वी शासनाच्या आश्रयावाचून आचरून दाखविले होते. त्याचे मोलही तिने चुकते केले होते.

गुरुकुलाचा जन्म एका मतभेदातून झाला. लाहोरला १८८६ साली स्वामी दयानंदांच्या स्मरणार्थ दयानंद अँग्लो-वैदिक संस्था उभी राहिली. तेथे इंग्रजी शिक्षणाला किती स्थान असावे आणि वेद-संस्कृताला किती, या प्रश्नावर १८९३ च्या सुमारास आर्य समाजात उघड फूट पडली. जालंधरचे वकील मुन्शीराम, म्हणजेच पुढचे स्वामी श्रद्धानंद, यांनी केवळ टीका करण्यात समाधान मानले नाही. तीस हजार रुपये जमविल्याशिवाय घरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून ते बाहेर पडले. १९०२ साली गंगाकाठच्या कांगडी गावाजवळच्या जंगलात गुरुकुल वसले. आरंभीच्या ब्रह्मचाऱ्यांत त्यांचे स्वतःचे दोन्ही पुत्र होते. दुसऱ्यांच्या मुलांवर प्रयोग करणारे शिक्षणतज्ज्ञ पुष्कळ असतात. मुन्शीराम त्यांपैकी नव्हते.

तेथील विद्यार्थिजीवन कठोर होते. सूर्योदयापूर्वी उठणे, स्नान, संध्या-हवन, व्यायाम आणि मग अध्ययन. सात-आठ वर्षांचा मुलगा दाखल होई आणि अनेक वर्षे आचार्यांच्या सहवासात राही. सर्वांचा वेष एक, अन्न एक. जातीवरून पंक्तिभेद नाही. वेद, संस्कृत व्याकरण आणि दर्शने यांच्या जोडीला इतिहास, अर्थशास्त्र आणि रसायनशास्त्रही शिकविले जाई, आणि तेही हिंदीतून. आधुनिक विज्ञान देशी भाषेत मावणारच नाही, असे सुशिक्षितांचे ठाम मत असण्याचा तो काळ होता. गुरुकुलाच्या अध्यापकांनी वाद घालण्याऐवजी पाठ्यपुस्तके लिहिली. हा धडा मराठी विद्यापीठीय विश्वाने अद्याप पुरता गिरविलेला नाही.

या शिक्षणाला सरकारी मान्यता नव्हती. १९१२ साली पहिले दोन स्नातक बाहेर पडले. त्यांतील एक मुन्शीरामांचे पुत्र इंद्र, पुढचे पत्रकार इंद्र विद्यावाचस्पती. ‘विद्यालंकार’ ही उपाधी सरकारी नोकरीचे दार उघडणारी नव्हती, हे त्यांच्या पालकांना ठाऊक होते. तरीही याच वाटेने जयचंद्र विद्यालंकार आणि सत्यकेतु विद्यालंकार यांसारखे इतिहासकार घडले. येथे अध्यापन केलेले डॉ. बाळकृष्ण पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि छत्रपती शिवाजी महाराजांवर त्यांनी इंग्रजीत विस्तृत ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रावरचे हे ऋण फारसे कोणी आठवत नाही.

अरण्यातले हे विद्यापीठ जगाकडे पाठ फिरवून बसले नव्हते. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहासाठी येथील ब्रह्मचाऱ्यांनी आपल्या आहारात काटकसर केली, अंगमेहनतीची मजुरी केली आणि तो पैसा गांधीजींकडे पाठविला. गांधीजींच्या फिनिक्स आश्रमातील मुले भारतात आली, तेव्हा काही काळ येथेच राहिली. १९१५ साली गांधीजी स्वतः आले, तेव्हा गुरुकुलात औद्योगिक शिक्षणाची जोड असावी, या विषयावर चर्चा झाली. म्हणजे आपल्या उणिवांचा विचार करण्याचे धैर्यही संस्थेपाशी होते.

१९२४ च्या गंगेच्या महापुराने कांगडीची वास्तू उद्ध्वस्त केली आणि गुरुकुल नदीच्या दुसऱ्या तीरावर हरिद्वारनजीक आले. १९६२ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अनुदान आले, त्यामागोमाग नियम आले. आज तेथे वेद आणि योगाबरोबर अभियांत्रिकी, व्यवस्थापन व संगणकशास्त्रही शिकविले जाते. याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याला उपजीविका हवी आणि मान्यता नसलेल्या उपाधीचा भार त्याने जन्मभर वाहावा, असा आग्रह धरण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्रश्न वेगळा आहे. पदवीला मान्यता मिळाल्यावर दीक्षेचे काय करायचे? धार्मिक अधिष्ठान असलेल्या प्रत्येक लहान विद्यापीठापुढे हा प्रश्न आज उभा आहे. प्रवेशद्वारावरील मंत्र, स्थापनादिनाचे हवन आणि सभागृहातील तसबिरी एवढ्यावर अधिष्ठान टिकत नाही. आचार्य विद्यार्थ्याला नावाने ओळखतो का, वसतिगृह केवळ निवासाची सोय आहे की संस्काराचे स्थान, विज्ञान स्वभाषेत लिहिले जाते का, आणि परंपरेचा अभ्यास गौरवापुरता आहे की ग्रंथ उघडून, पाठ ताडून, प्रसंगी कठोर चिकित्सा करून होतो, या कसोट्या लावल्या पाहिजेत. श्रद्धेच्या नावाखाली विद्वत्तेत सवलत मागणारी संस्था त्या श्रद्धेचीच हानी करते.

हे काम शासनावर सोपवून मोकळे होता येणार नाही. शासन अनुदान देईल. आचार्य, ग्रंथकार आणि निष्ठावान पालक समाजालाच द्यावे लागतील. भारतीय शिक्षणावर व्यासपीठावरून बोलणाऱ्या आपल्यापैकी किती जण आपली मुले अशा संस्थेत पाठवावयास सिद्ध आहेत? मुन्शीरामांनी या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच तुकडीत देऊन ठेवले होते. आपले उत्तर अजून यायचे आहे.