चौथऱ्यावर नाव कुणाचं?

आमच्या यमुनापारच्या वसाहतीत चौकात शिल्प बसवायचं घाटतं आहे. आरडब्ल्यूएच्या बैठकीत चर्चा झाली ती उंचीची, दिव्यांची आणि फोटो काढायला जागा किती उरेल याची. शिल्पकार कोण, असं मी विचारलं. उत्तर आलं, ‘वो ठेकेदार देख लेगा.’ माझा विरोध शिल्पाला नाही, या उत्तराला आहे.

दिल्लीला ही खोड जुनी आहे. अमरनाथ सहगल यांचं १४० फूट लांबीचं कांस्य भित्तिशिल्प विज्ञान भवनात होतं. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी ते उखडून सरकारी गोदामात टाकलं गेलं. शिल्पकाराला विचारलं नाही, कळवलंसुद्धा नाही. शिल्पाची मोडतोड झाली, काही भाग गहाळ झाले. सहगल कोर्टात गेले. सरकारचा पवित्रा असा की, पैसे मोजले आहेत, मालक आम्ही. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प सहगलांना परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. आधार होता १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५७ चा. कृती विकली तरी कर्त्याचं तिच्याशी असलेलं नातं विकलं जात नाही, हा त्याचा अर्थ.

हेच कलम अनुवादकाच्याही उपयोगाचं आहे. म्हणून हा वाद मला परका वाटत नाही. माझ्या एका अनुवादाच्या मुखपृष्ठावरून माझं नाव गळलं, तेव्हा प्रकाशकाने विचारलं होतं, ‘मानधन मिळालं ना?’ शब्द वेगळे, पवित्रा तोच.

कुणी म्हणेल, रस्त्याने जाणाऱ्याला नावाशी काय कर्तव्य? मग सरदार पटेलांच्या पुतळ्याची उंची १८२ मीटर, हे शाळकरी पोरालाही पाठ कसं? तो घडवणारे राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, आणि त्यांची कार्यशाळा इथेच, नोएडात. हे नोएडातल्या किती जणांना ठाऊक आहे? आपण लोकांना आकडे पाठ करायला लावतो आणि मग म्हणतो, लोकांना नावात रस नाही.

तेव्हा चौकात शिल्प जरूर आणा, पण आधी लहान प्रतिकृती महिनाभर चौकात ठेवा. ती फ्लॅटमालकांइतकीच पहारेकऱ्यांनी, कामवाल्या बायकांनी आणि भाजीवाल्यांनीही पाहू दे. त्या जागेवरून रोज ये-जा त्यांचीच आहे. करारात लिहा की, शिल्प हलवायचं तर शिल्पकाराला किंवा वारसांना आधी विचारलं जाईल. देखभालीचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरा. आणि चौथऱ्यावर शिल्पकाराचं नाव उद्घाटन करणाऱ्याच्या नावापेक्षा लहान अक्षरात नको.

एवढं जमणार नसेल तर त्या जागी कडुनिंब लावा. त्याला सावली तरी असते, आणि उखडला तर निदान आरडाओरडा होतो.